सिस्सूहून परतताना: बर्फावरचा अपघात आणि नंतरचं दीड वर्ष

जानेवारी 2025 मध्ये आम्ही ग्वाल्हेरचे सहा मित्र मनालीला गेलो होतो. सगळे लष्करातले, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले. शाळेपासूनची ओळख, पन्नाशी ओलांडलेली. त्यातल्या एकाबद्दल हे लिहितो आहे. नाव घालू नकोस असं त्याने बजावलं आहे, म्हणून त्याला नुसतं मित्र म्हणतो. तो बँकेत आहे, आणि संध्याकाळी तबला वाजवतो. पुढे कोर्टात या तबल्यालाही महत्त्व आलं, म्हणून सांगून ठेवतो.

आम्हाला थंडी नवी नाही. ग्वाल्हेरला जानेवारीत पारा चार-पाचावर उतरतो. मुरैना-आग्रा रस्त्यावर धुक्यात गाडी चालवण्यात आमची हयात गेली. लाइट लो बीमवर ठेवायचे, काच थोडी उघडी ठेवून समोरच्याचा आवाज ऐकायचा, थांबायचं झालं तर रस्ता सोडून पार खाली उतरायचं, हे सगळं अंगवळणी पडलेलं. पण धुकं निदान दिसतं तरी.

अटल बोगदा 2020 च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि लाहौल खोऱ्याचा रस्ता हिवाळ्यातही उघडा राहू लागला. नऊ किलोमीटर आणि थोडा वर असा हा बोगदा. मनालीच्या बाजूने आत शिरायचं आणि पलीकडे तोंड काढलं की वेगळाच पांढरा मुलूख. तिथून सिस्सू गाव जवळच आहे. सकाळी आम्ही दोन स्थानिक टॅक्सी केल्या, दोन्ही फोर बाय फोर. रस्ता साफ होता, कडेला बर्फाचे ढीग लावलेले. उन्हात ते ढीग पाझरत होते आणि रस्त्यावरून पाण्याचे ओघळ वाहत होते. त्या ओघळांकडे आमच्यापैकी कुणीही दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

परतताना चार वाजून गेले होते. डोंगराआड ऊन गेलं की तिथे गारठा एकदम उतरतो. पुढच्या टॅक्सीत मित्र ड्रायव्हरच्या शेजारी, मागे दोघं. आमची टॅक्सी पन्नास-साठ पावलं मागे. उजवीकडे एक वळण होतं आणि त्यावर रस्ता ओला दिसत होता. पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागलेले मी पाहिले. मग गाडीचा मागचा भाग सावकाश डावीकडे सरकू लागला. सावकाश हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण घाई अशी कुठेच नव्हती. चाकं फिरत नव्हती आणि गाडी मात्र जात होती. ती पूर्ण आडवी झाली आणि डावं दार रस्त्याकडेच्या खडकावर आदळलं. आमच्या ड्रायव्हरने ब्रेकला पाय लावलाच नाही. त्याने गिअर उतरवले आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात गाडीचं नाक खुपसून ती थांबवली. तो चाळिशीतला होता, पुढचा पोरगा चोवीस-पंचवीसचा.

त्या वळणावर पाणी नव्हतंच. पाण्याचा गोठलेला पातळ पापुद्रा होता. तो पारदर्शक असतो, खालचं काळं डांबर त्यातून जसंच्या तसं दिसतं, म्हणून त्याला ब्लॅक आइस म्हणतात. दिवसा बर्फ वितळून ओघळ येतो, सावली पडली की तोच गोठतो. कोरड्या डांबरावर ताशी चाळीसच्या वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून नऊ-दहा मीटरमध्ये थांबते. अशा बर्फावर साठ मीटर जाऊनही थांबली तर नशीब. फोर बाय फोरमुळे गाडी पुढे जायला मदत होते, थांबायला काडीची होत नाही. हे सगळं मी नंतर शिकलो, आणि शिकण्याचं कारण कोर्ट.

खाली उतरलो तर उभं राहता येईना. मी दोनदा आपटलो. आमचा ड्रायव्हर ओरडला, "पहले पीछे जाओ, गाड़ियाँ रोको!" तेच खरं होतं. मागून येणारी प्रत्येक गाडी त्याच वळणावर त्याच खडकाकडे घसरणार होती. आमच्यातले दोघं मोबाइलचे दिवे हलवत मागच्या वळणापर्यंत गेले. कुठून तरी गावातली चार माणसं आली आणि त्यांनी आधी काय केलं असेल तर कडेची माती फावड्याने उकरून रस्त्यावर टाकली. अपघात झालेल्या माणसाकडे न बघता हे माती काय टाकतायत, म्हणून मला राग आला होता. त्या मातीवरून चालतच आम्ही गाडीपर्यंत पोहोचलो.

मित्र शुद्धीवर होता. पट्टा लावलेला होता म्हणून डोकं वाचलं. डावं दार आत येऊन त्याच्या खुब्याला लागलं होतं. "पाय हलवू नका, मला काहीतरी सुटल्यासारखं वाटतंय" एवढंच तो म्हणत होता, आणि तेसुद्धा अगदी शांतपणे. त्याला ओढून बाहेर काढायला दोघं-तिघं पुढे झाले. गावातल्या एका बाईंनी त्यांना अडवलं. गाडी पेटत नाही ना, मग अँब्युलन्स येईपर्यंत राहू दे तिथेच, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी घरून दोन जाड पट्टू, म्हणजे लोकरी शाली आणल्या, एक त्याच्या अंगावर घातली आणि एक पाठीमागे कोंबली. ही नुसती माया नव्हती. आतून रक्त जात असताना अंग गार पडलं की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि रक्तस्राव आणखी वाढतो. बर्फातल्या अपघातात माणूस गरम ठेवणं हाच अर्धा प्रथमोपचार आहे.

108 ची अँब्युलन्स आली. त्यातल्या मुलाने रक्तदाब बघितला, आणि मग एक चादर उभी घडी करून मित्राच्या खालून सरकवली आणि आवळून बांधली. मी म्हटलं, जरा वर कमरेला बांध. तो म्हणाला, "नहीं सर, यहीं।" मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा बाहेरून हाताला लागतो, बरोबर त्या रेषेत. ओटीपोटाचं हाड मोडलं की आत लिटरभर रक्त साठलं तरी बाहेर थेंब दिसत नाही. ते हाड बाहेरून आवळून धरलं की आतली जागा कमी होते. कमरेला बांधलं तर त्याचा उपयोग नाही. एवढ्याशा चादरीची जागा त्याला माहीत होती, आणि चंडीगडच्या डॉक्टरांनी नंतर तिचं नाव काढलं.

बोगद्यातून मनालीला. तिथे एक्स-रे, सलाइन, चादरीच्या जागी तयार पट्टा, आणि "रेफर". डाव्या खुब्याची खोबण फुटली होती, ओटीपोटाच्या कडीला पुढून तडा, तीन बरगड्या. खोबण म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात फिरतो ती वाटी. तिचं ऑपरेशन करणारे सर्जन सगळीकडे नसतात, त्यासाठी चंडीगड गाठायला हवं, असं सांगण्यात आलं. रात्रभर कुल्लू, मंडी, बिलासपूर करत गेलो. मी त्याच्या पायापाशी बसलो होतो. प्रत्येक वळणावर तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा. मला वाटलं रामरक्षा म्हणतोय. बिलासपूरच्या पुढे कान देऊन ऐकलं तर धमार ताल मोजत होता, चौदा मात्रा. वेदना वाढली की लय चढते आणि मग ती पुन्हा खाली आणायची, एवढाच त्याचा उद्योग चालला होता.

हॉस्पिटलच्या खिडकीवर पहिला प्रश्न आला, "पेशंट के कौन?" मी म्हटलं, दोस्त. तिने पेन खाली ठेवलं. "घर का कोई?" वहिनी तेव्हा दिल्लीच्या गाडीत होत्या, सकाळी तिथून शताब्दीने येणार होत्या. उपचार मात्र थांबवले नाहीत, हे सांगायला हवं. अपघाताच्या रुग्णाला आधी हात लावा, पोलीस आणि कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगून ठेवलंय. सीटी स्कॅन झाला, रक्त चढलं. पण ऑपरेशनची संमती, आयसीयूत आत जाण्याची चिठ्ठी, डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगायच्या गोष्टी, या सगळ्यांपुढे मित्राला काही दर्जा नाही. पैसे भरायच्या खिडकीवर तेवढा तो चालतो.

वहिनी आल्या, सहीसाठी फॉर्म पुढे आला, तो त्यांनी सगळा वाचला. मग सर्जनना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ये मांडी घालून, मतलब पालथी मारके बैठ पाएँगे?" सर्जनना वाटलं पूजेसाठी विचारतायत. म्हणाले, कुर्सी पे पूजा कर लेना। वहिनींनी हाताने तबला वाजवून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग खरं ते सांगितलं. खोबण प्लेट-स्क्रूने जुळवता येईल, पण उकिडवं बसणं आणि मांडी घालणं फार काळ बंद, कदाचित कायमचं. शिवाय हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा टिकतो की नाही हे कळायला दोनेक वर्षं एक्स-रे काढत राहावे लागतील. नाही टिकला तर खुबा बदलायचा.

ऑपरेशन लांबलं, पण झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मी बाहेरच होतो. पोटात रोज टोचायचं इंजेक्शन मात्र लक्षात आहे. पायातल्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून ते असतं, आणि घरी गेल्यावरही चालू राहतं. शिकवून घ्या.

विम्याबद्दल थोडं. मेडिक्लेम कॅशलेस होता. खोलीच्या भाड्याची मर्यादा पॉलिसीत लिहिलेली असते. तिच्यावरची खोली घेतली तर फरक फक्त भाड्याचा कापत नाहीत, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, अशा खर्चांनाही त्या प्रमाणात कात्री लागते. आमच्यातल्या एकाला हे माहीत होतं म्हणून आम्ही वाचलो. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची मंजुरी विमा कंपनीने तीन तासांत द्यायची असते. आम्हाला सकाळी "झालंच" सांगितलं आणि दिवेलागण झाली तरी पेशंट व्हीलचेअरवर लॉबीत. शेवटी वहिनींनी ते परिपत्रक मोबाइलवर काढून काउंटरवर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मग हललं. ग्लव्हज, ड्रेसिंग, असल्या किरकोळ गोष्टींचं बिल शेवटी खिशातूनच गेलं आणि ते किरकोळ नव्हतं.

अपघातानंतर, 2025 च्या मे महिन्यात केंद्राची योजना आली. रस्ते अपघातातल्या कुणालाही सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस. आमच्या अपघाताला ती लागू नव्हती. आता असं कुणावर आलं तर हॉस्पिटलात पहिल्याच तासात तिच्याबद्दल विचारा.

अँब्युलन्सने ग्वाल्हेरला आणलं. बैठकीतला दिवाण निघाला, हॉस्पिटलची खाट आली. डाव्या पायावर साधारण तीन महिने जोर द्यायचा नाही, म्हणजे वॉकरवर एका पायाने उड्या. आमच्या जुन्या वाड्यांची न्हाणीघरं दोन पायऱ्या खाली असतात. त्या दोन पायऱ्यांनी चंडीगडच्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त भांडणं लावली.

आणि मग वकिलांचा प्रश्न आला, ज्यावरून घर दुभंगलं. केस कशी घालायची?

भाड्याच्या टॅक्सीतला प्रवासी कायद्याने टॅक्सीच्या सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यात येतो, म्हणून त्यातून त्याला भरपाई मिळते. मोटार वाहन कायद्यात दोन वाटा आहेत. कलम 164 खाली कुणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. गंभीर इजा झाली असेल तर अडीच लाख, विषय संपला. कलम 166 खाली सगळं मागता येतं, उपचार, बुडालेली कमाई, माणूस ठेवल्याचा खर्च, पुढचं ऑपरेशन, वेदना, आयुष्यातला गेलेला आनंद. पण तिथे ड्रायव्हरने निष्काळजीपणा केला हे दाखवावं लागतं. 2022 पासून या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. एक सोय मात्र चांगली आहे, दावा अपघाताच्या ठिकाणीच लावायला हवा असं नाही, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. नाहीतर तारखांना लाहौल कोण गाठणार?

मित्र म्हणाला, 164. त्या पोराने दार उचकटताना स्वतःचा हात फाडून घेतलाय, मनालीपर्यंत तो माझा हात धरून रडत होता, मी त्याला बेदरकार म्हणणार नाही. वहिनी म्हणाल्या, खुबा बदलायचा झाला तर तो हात धरून बदलणार आहेस का? पैसे पोराच्या खिशातून जात नाहीत, विमा कंपनी देते. हे बहुतांशी खरं आहे. लायसन्स किंवा परमिटमध्ये खोट निघाली तर मात्र कंपनी भरून ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. एम-परिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकून आम्ही गाडीचे कागद बघितले, सगळे जिवंत होते. त्यानंतर मित्र नमला. पण एफआयआरमध्ये पोराच्या नावावर भारतीय न्याय संहितेची कलमं आधीच लागली होती, 281 आणि 125, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं आणि दुसऱ्याच्या जिवाला धोका पोचवणं. त्याचा फौजदारी खटला तिकडे वेगळा चालतो आणि विमा कंपनी तो चालवून देत नाही. वहिनींचा हिशेब बरोबर होता, आणि मित्राची टोचणीही पोकळ नव्हती. मी कुणाच्या बाजूने आहे हे मला दोघांनीही विचारलं, आणि दोघांनाही मी चहा करून दिला.

अपंगत्वाचा दाखला जिल्हा मेडिकल बोर्डाकडून घ्यावा लागतो, आणि तोही उपचार स्थिरावल्यावर. त्यातही मेख आहे. दाखल्यावरचे टक्के पायाचे की सगळ्या शरीराचे, हे लिहून घ्या. आणि त्या टक्क्यांइतकीच कमाई बुडाली असं न्यायालय धरत नाही. 2010 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट उलगडलंय, माणूस कोणतं काम करतो त्यावर ते ठरतं. सुताराचा पाय आणि कारकुनाचा पाय वेगळा. मित्राचा पगार चालू होता, तेव्हा त्या रकान्यात शून्य. राहिला तबला. विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं, तबल्याच्या कमाईची पावती? आमच्याकडे नारळ-शाल आणि पाकिटाची पावती कोण देतो? गणेशोत्सवाच्या दहा वर्षांच्या पत्रिका आम्ही लावल्या, साथीला म्हणून नाव छापलेल्या. आता तो खुर्चीवर बसून, डग्गा-तबला स्टँडवर ठेवून वाजवतो. डग्ग्याची घुमक उतरली असं तो म्हणतो. मला ऐकू येत नाही, पण मी तबलजी नाही.

या उन्हाळ्यात माझी साक्ष झाली. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार मीच. आमच्या वकिलांनी घोकून घेतलं होतं, "तेज और लापरवाही से" एवढं म्हणा. मी म्हटलं, लापरवाही म्हणेन, तेज म्हणणार नाही. विमा कंपनीचे वकील उठले. त्यांचा मुद्दा होता की बर्फ ही देवाची करणी, ड्रायव्हर काय करणार?

"गाड़ी की रफ़्तार?"

"तीस-पैंतीस. हमारी टैक्सी जितनी."

"तो आपकी टैक्सी क्यों नहीं फिसली?"

"हमारे ड्राइवर ने ब्रेक नहीं मारा।"

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. स्टेनोने ते टाइप केलं, मी वाचून सही केली. बाहेर मित्र भिंतीला टेकून उभा होता, कोर्टाचे बाक त्याला फार खालचे पडतात. काय बोललास विचारलं, मी सांगितलं. "म्हणजे पोरगं अडकलं," तो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे दावा उभा राहिला." दोन्ही खरं होतं.

पुढची तारीख त्या ड्रायव्हरच्या जबाबाची आहे. परवा त्याचा फोन आला होता, ग्वाल्हेरला स्वस्त लॉज कुठे मिळेल विचारत होता. मित्राने घरीच उतरायला सांगितलं आणि फोन ठेवल्यावर वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, येऊ दे, माडीवरची खोली झाडून ठेवते, पण जेवताना केसबद्दल एक शब्द निघता कामा नये, आणि केस मी मागे घेणार नाही.